टाकी बांधायला निधी आला, ती चालवायला कुठून आणायचा?

प्रति,
माननीय संपादक,

विषय: ग्रामसभेपुढे येणारा जमाखर्च आणि पुढील पाच वर्षांतील गावच्या सेवा

महोदय,

नागपूर शहराच्या हद्दीला लागून असलेल्या, नागपूर ग्रामीण तालुक्यातील एका गावचा मी रहिवासी आहे. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. येथे जे लिहिले आहे त्यात हिंगणा, कामठी, कळमेश्वर किंवा उमरेडच्या वाटेवरील कोणत्याही गावच्या वाचकाला आपलेच गाव दिसेल, आणि एखाद्या सरपंचाला किंवा ग्रामपंचायतीला पेपरात उभे करण्याचा माझा हेतूही नाही. नोकरीची सगळी वर्षे एका पतसंस्थेत खतावण्या लिहिण्यात गेल्यामुळे जमाखर्चाचा कागद हाती आला की तो शेवटच्या ओळीपासून वर वाचत जाण्याची खोड मला जडली आहे. त्या खोडीपायी मी ग्रामसभेत काही प्रश्न विचारले, माझ्यापेक्षा चांगले प्रश्न गावातल्या इतरांनी, विशेषतः महिलांनी विचारले, आणि त्यांतील बहुतेकांना उत्तर मिळाले नाही. ते प्रश्न काय होते आणि ते आत्ताच का विचारायला हवेत, हे सविस्तर मांडण्याची परवानगी असावी.

आमच्याकडे ग्रामसभा ठरलेल्या दिवशी होते: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर. झेंडावंदन आटोपले की मुले बुंदीचा पुडा घेऊन घरी निघतात आणि शाळेच्या त्याच पटांगणात सतरंज्या अंथरून सभा सुरू होते. हजेरीच्या वहीवर सह्या आधी होतात, चर्चा मागाहून. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले जाते, घरकुलाच्या यादीवर बराच वेळ गरमागरमी चालते, एखाद्या अतिक्रमणावरून दोन घरांची जुनी भांडणे नव्याने निघतात, आणि ऊन चढू लागले की 'जमाखर्चास मंजुरी देणे' हा विषय पुकारला जातो. एकूण जमा इतकी, एकूण खर्च इतका, शिल्लक इतकी, एवढे तीन आकडे वाचले जातात. कोणीतरी सूचक होतो, कोणीतरी अनुमोदक होतो आणि सभा 'ऐनवेळी येणाऱ्या विषयां'कडे वळते. गावाने वर्षभर कमावलेल्या आणि खर्चलेल्या पैशाला ग्रामसभेच्या वेळापत्रकात एवढीच जागा आहे.

कायद्याला हे अपेक्षित नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 8 प्रमाणे आर्थिक वर्षातील पहिल्या ग्रामसभेपुढे पंचायतीने लेख्यांचे वार्षिक विवरण, मागील वर्षाचा प्रशासन अहवाल, चालू वर्षासाठी योजलेला विकासाचा कार्यक्रम, आणि शेवटचे लेखापरीक्षण टिपण व त्याला दिलेली उत्तरे ठेवायची असतात. यातील शेवटची बाब पुन्हा वाचण्यासारखी आहे. लेखापरीक्षकाने कोणत्या खर्चावर आक्षेप घेतला आणि पंचायतीने त्यावर काय खुलासा केला, हे ऐकण्याचा अधिकार सतरंजीवर बसलेल्या प्रत्येक मतदाराला आहे. आमच्या गावात हे टिपण वाचले गेल्याचे माझ्या आठवणीत नाही. ज्यांना विचारले त्या जुन्याजाणत्या मंडळींच्याही नाही.

गणपूर्तीचेही पाहावे. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार हजर असले की सभा चालते. तितके नसले तर ती तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मोठ्या गावांत त्यामुळे असे घडते की पहिल्या दिवशी माणसे जमत नाहीत, पुढच्या तारखेची दवंडी कोणाच्या कानावर पडत नाही, आणि शंभर जणांनी ऐकायला हवा होता तो जमाखर्च दहा-वीस जणांसमोर रीतसर मंजूर होतो. यात बेकायदा काहीच नसते. सभेची सूचना सात दिवस आधी लावली होती, असेही कागद सांगतो. आमच्याकडे ती कार्यालयाच्या व्हरांड्यातील काचेच्या फळ्यावर लागते आणि व्हरांड्याच्या लोखंडी दाराला दुपारनंतर कुलूप असते. नोकरीवरून संध्याकाळी परतणाऱ्या माणसाने ती केव्हा वाचावी? विषयपत्रिकेच्या त्या एका पानाबरोबर जमाखर्चाचे पान कधीच जोडलेले नसते, आणि जो आकडा सभेतच प्रथम कानावर येतो त्याच्यावर सभेतच प्रश्न विचारणे मुरलेल्या हिशेबनिसालाही जमत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आमच्या गावांत नवे काही बांधण्यासाठी पैसा येतो, हे मान्यच केले पाहिजे. सिमेंटचे रस्ते झाले, पाण्याची टाकी झाली, अंगणवाडीला नवी खोली मिळाली, सभामंडप झाला, खांबाखांबांवर एलईडी दिवे लागले. या प्रत्येक कामाच्या फलकावर योजनेचे नाव, अंदाजपत्रकीय रक्कम आणि कंत्राटदाराचे नाव असते. ते काम पूर्ण झाल्यावर दरवर्षी चालवायला किती खर्च येईल आणि तो कोणत्या लेखाशीर्षातून भागेल, ही ओळ मात्र ना फलकावर असते, ना आराखड्यात, ना ग्रामसभेच्या ठरावात. बांधण्याचा निधी बहुधा वरून येतो. चालवण्याचा खर्च गावाच्याच गळ्यात पडतो. त्याचा हिशेब कोणी मांडत नाही, म्हणून टाकी उभी असते आणि नळ कोरडा असतो.

पाण्याचेच उदाहरण जरा जवळून पाहू. 15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनचे उद्दिष्ट ग्रामीण भागातील प्रत्येक घराला नळाने माणशी दररोज 55 लिटर पाणी देण्याचे आहे. पाच माणसांच्या घराला ते 275 लिटर होते. शहराला पेंच आणि कन्हानचे पाणी मिळते, हद्दीच्या अलीकडे आमची मदार विहिरीवर आणि बोअरवेलवर. योजनेतून आमच्या गावाला टाकी मिळाली आणि घरोघरी जोडण्या मिळाल्या. त्यासाठी जेमतेम वर्षापूर्वी केलेला सिमेंट रस्ता मधोमध फोडावा लागला, आणि तो चर अजून मुरमानेच बुजवलेला आहे, हे जाता जाता. आज पाणी दिवसाआड येते, आणि उन्हाळ्यात दोन दिवसांआड. टाकी भरायला मोटर चालवावी लागते, मोटरचे वीजबिल येते, ती जळली तर रिवाइंडिंगचा खर्च येतो, पाण्यात टीसीएल (जंतुनाशक) पावडर टाकावी लागते, आणि पहाटे उठून व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाला पगार द्यावा लागतो. यांपैकी एकही खर्च एकदाच येऊन थांबणारा नाही.

गेल्या महिला सभेत एका ताईंनी विचारले की पाणी दिवसाआड मिळत असेल तर पाणीपट्टी पूर्ण वर्षाची का घेता. मुख्य ग्रामसभेत मी तोच धागा पकडून पाणीपट्टीतून किती जमा होते आणि पाणी देण्यावर किती खर्च होतो, हे दोनच आकडे शेजारी शेजारी मागितले. आमच्या सरपंच ताई वयाने माझ्या मुलीएवढ्या आहेत. त्यांनी कागद चाळले, बाजूला बसलेल्या अधिकाऱ्यांकडे पाहिले आणि सरळ सांगितले, "काकाजी, टाकीचं इस्टिमेट आलं तेव्हा मोटरच्या बिलाचं कोणी बोललंच नाही. आम्हीपण विचारलं नाही." सभेत हशा पिकला. मला ते उत्तर हसण्यासारखे वाटले नाही, कारण इतके खरे उत्तर मी कोणत्याही ग्रामसभेत ऐकले नव्हते. टाकीला तांत्रिक मंजुरी देणाऱ्याने, प्रशासकीय मंजुरी देणाऱ्याने, ठराव घेणाऱ्या पंचायतीने आणि हात वर करणाऱ्या आम्ही ग्रामस्थांनी, कोणीच ते विचारले नव्हते.

पैसा नाही म्हणून हे होते, असे म्हणावे तर तेही पूर्ण खरे नाही. मार्च 2026 पर्यंतच्या पंधराव्या वित्त आयोगाचा जो निधी महाराष्ट्रात ग्रामीण भागाकडे येत होता त्यातील 80 टक्के ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी 10 टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला मिळत होते. ग्रामपंचायतीच्या हाती आलेल्या 100 रुपयांपैकी 60 रुपये बंधित असत: त्यातील निम्मे, म्हणजे 30 रुपये पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी, आणि उरलेले 30 रुपये स्वच्छता व हागणदारीमुक्ती टिकवण्यासाठी. बाकीचे 40 रुपये अबंधित असत. ते गावाच्या गरजेप्रमाणे खर्च करता येत होते, फक्त त्यातून पगार आणि आस्थापनेचा खर्च भागवता येत नव्हता. म्हणजे पाण्यासाठी राखून ठेवलेला वाटा दरवर्षी येत होता आणि त्यातून देखभाल-दुरुस्ती करायला आडकाठी नव्हती. प्रत्यक्षात तो वाटा आराखडा बनतानाच नव्या पाइपलाइनला, नव्या हातपंपाला, नव्या आरओ यंत्राला वाहिलेला असे. नव्या कामाचे भूमिपूजन होते, व्हॉल्व्ह बदलण्याचे होत नाही, हे त्यामागचे एक कारण असावे; सगळे तेवढ्यावर ढकलणेही बरोबर नाही, कारण ग्रामसभेत आम्ही लोकही नवेच काहीतरी मागत असतो.

पगाराचा प्रश्न याहून अवघड आहे. व्हॉल्व्ह फिरवणारा, नाल्या उपसणारा, कचऱ्याची गाडी चालवणारा, या सर्वांची मजुरी पंचायतीला मुख्यतः स्वतःच्या उत्पन्नातून भागवावी लागते, आणि स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती व आरोग्य कर, आठवडी बाजाराची वसुली, एखाद्या गाळ्याचे भाडे. त्याच उत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, आणि ते योग्यच आहे. उरलेल्या रकमेत गाव चालवायचे असते. ही रक्कम किती, याचा नुसता उच्चार झाला तरी पुढच्या निम्म्या चर्चा शहाणपणाच्या होतील, असे मला वाटते.

म्हणून घरपट्टीच्या थकबाकीविषयी विचारणे भाग आहे. नमुना 9 ची कर मागणी नोंदवही आणि नमुना 10 च्या पावत्या जुळवल्या की कोणाकडे किती बाकी आहे ते समजते. सभेत एकूण वसुलीची टक्केवारी सांगितली जाते. ती टक्केवारी गोल असते आणि तिच्यातून काही कळत नाही. थकबाकी प्रकारवार सांगावी: गावठाणातील राहती घरे किती, लेआऊटमधील मोकळे भूखंड किती, मंगल कार्यालये आणि लॉन किती, ढाबे व गोदामे किती, मोबाइल मनोरे किती. लग्नसराईत ज्या लॉनपुढे गाड्यांची रांग मुख्य रस्त्यापर्यंत येते, त्याच्या नावावर किती कर लागला आहे आणि त्यातील किती जमा झाला आहे, हे विचारले की सभेत एकाएकी शांतता पसरते. याउलट, मातीच्या घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईला रहिवासी दाखला हवा असला की आधी पट्टी भरा म्हणून सांगितले जाते. 2015 च्या अखेरीस नियमांत बदल होऊन कर आकारणी भांडवली मूल्यावर आली आणि ती दर चार वर्षांनी सुधारायची असते. आमच्या गावात शेवटची फेरआकारणी कोणत्या वर्षी झाली आणि त्यानंतर उठलेल्या इमारतींची नोंद नमुना 8 ला, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, कधी चढली, हा प्रश्न ग्रामसभेत लेखी दिलेला आहे.

लेआऊटवाल्यांची बाजूही मांडली पाहिजे, कारण मी स्वतः त्यांच्यातलाच आहे. आम्ही शहराच्या भावाने भूखंड घेतले आणि खेड्याच्या सोयींत राहायला आलो. 2017 मध्ये नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि भोवतालची 719 गावे त्याच्या नियोजनाच्या कक्षेत आली. बांधकामाची परवानगी ग्रामपंचायतीकडून प्राधिकरणाकडे गेली. विकास शुल्क प्राधिकरणाकडे भरायचे, घरपट्टी ग्रामपंचायतीला द्यायची, आणि गडर लाइनचे, म्हणजे सांडपाण्याच्या वाहिनीचे, विचारायला गेले की दोन्हीकडून एकमेकांचा पत्ता मिळायचा, अशी आमची सध्याची स्थिती आहे. सांडपाण्याची नाली शेवटच्या भूखंडापाशी संपते आणि तेथून पाणी शेजारच्या शेतकऱ्याच्या धुऱ्यावर पसरते. शौचालयांच्या टाक्या उपसणारे टँकर भरतात, मात्र ते कुठल्या नाल्यात रिकामे होतात ते कोणी विचारत नाही. स्वच्छतेसाठी राखलेल्या त्या 30 रुपयांतून यावर काय करायचे ठरले आहे? प्राधिकरणाने गोळा केलेल्या शुल्कातून आमच्या गावात आजवर कोणते काम झाले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पंचायतीने द्यायचे आहे, दुसऱ्याचे तिने मागून आणायचे आहे. ग्रामसभेने ठराव करून ही माहिती प्राधिकरणाला लेखी मागावी, एवढे तरी आमच्या सदस्यांना नक्कीच करता येईल.

याच संदर्भात मुद्रांक शुल्काच्या अनुदानाचा उल्लेख करतो. जमिनीच्या खरेदी-विक्रीवर जो एक टक्का अधिभार घेतला जातो त्यातील वाटा जिल्हा परिषदेप्रमाणे ग्रामपंचायतीलाही मिळतो. ज्या गावात वर्षभर भूखंडांच्या रजिस्ट्र्या चालू असतात, त्या गावाला ही रक्कम किरकोळ नसावी. ती किती आली, कोणत्या वर्षाची आली आणि किती यायची राहिली, हे आमच्या ग्रामसभेत एकदाही निघालेले नाही. मी विचारले तेव्हा बऱ्याच सदस्यांनाही असे काही अनुदान असते हे नवीन होते.

रस्त्यावरील दिव्यांविषयी थोडक्यात: दिवे लावून देणाऱ्या योजना अनेक आहेत, प्रश्न बिल भरण्याचा आहे. थकबाकी वाढली की वीज तोडली जाते, तेव्हा गाव अंधारात राहते आणि खांब मात्र नवे असतात.

हे सगळे आत्ताच का, असे कोणी विचारील. पंधराव्या वित्त आयोगाचा कालावधी 31 मार्च 2026 पर्यंतचा आणि 1 एप्रिल 2026 पासून सोळाव्या आयोगाची पाच वर्षे, हा सांधा गावांसाठी महत्त्वाचा आहे. जुन्या निधीतील शिल्लक किती, अपूर्ण कामे किती, त्यांची देणी किती, हे या टप्प्यावर स्वच्छ मांडले नाही, तर पुढील पाच वर्षांचा आराखडा मागच्या चुकांवरच उभा राहील. शिवाय निवडून आलेले मंडळ नसेल तर हा निधी अडतो, हे राज्यातील प्रशासकाच्या हाती गेलेल्या जिल्हा परिषदांनी आणि पंचायत समित्यांनी अनुभवलेच आहे.

दुसरे कारण शहराच्या वाढीचे आहे. वाडी, बुटीबोरी, बेसा-पिपळा ही कालपरवापर्यंत ग्रामपंचायतीची गावे होती. आज तेथे नगर परिषदा किंवा नगर पंचायत आहे. आमचाही क्रमांक लागेल अशी चर्चा चौकाचौकांत आहे. लागला तर ग्रामीण भागाच्या योजना आणि अनुदाने थांबतील, कराची पद्धत बदलेल, घरकुलापासून रोजगारापर्यंतचे निकष बदलतील, आणि पंचायतीची मालमत्ता व देणी नव्या संस्थेकडे जातील. तेव्हा पंचायतीच्या नावावर कोणत्या जागा आहेत, लेआऊटमधील सार्वजनिक उपयोगासाठी सोडलेले भूखंड तिच्या ताब्यात आले आहेत की कागदावरच आहेत, वीजबिलाची आणि कंत्राटदारांची देणी किती आहेत, हे तपासून ठेवण्याची हीच वेळ आहे. खुल्या जागेवर एकदा कोणाचे शेड उभे राहिले की ती परत मिळवण्यात लोकांची उमर जाते. शहरात जायचे की गाव म्हणूनच राहायचे, यावर गावात दोन मते आहेत आणि मीही त्याबाबत ठाम नाही. पण दोन्हीपैकी काहीही झाले तरी मालमत्तेची नोंदवही अद्ययावत लागणारच.

ग्रामसभेत प्रश्न विचारले की पुढच्या निवडणुकीत हा कोणत्या पॅनेलकडून उभा राहणार, याची चौकशी सुरू होते. माझ्या बाबतीतही झाली. माझ्या गुडघ्यांकडे पाहून ती लवकरच थांबली, हा भाग वेगळा. परंतु तरुण मुलाने किंवा एखाद्या सुनेने तोच प्रश्न विचारला तर त्याची किंमत घरच्यांना मोजावी लागते. नळाची जोडणी लांबते, दाखल्याला खेटे घालावे लागतात. यावर एक साधा उपाय आहे. माहिती मागावीच लागणार नाही अशी व्यवस्था केली, म्हणजे ती मागणाऱ्याच्या माथी पॅनेलचा शिक्का बसणार नाही. माहिती अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4 ला स्वतःहून प्रसिद्धी हेच अपेक्षित आहे. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आमच्या गावाचे पान उघडले तर आराखडा आणि वित्त आयोगाच्या निधीतील जमाखर्च दिसतो, ही चांगलीच सोय झाली आहे; पण तेथे एकाच नावाची दुरुस्तीची कामे ओळीने दिसतात, त्यातले कोणते कोणत्या गल्लीतले ते समजत नाही, आणि घरपट्टीच्या पैशाचे चित्र तर त्या पानावर मला सापडलेच नाही.

पंचायतीची अडचण मला दिसत नाही असे नाही. आमचे ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना गाव अजून ग्रामसेवकच म्हणते, आणखी एका गावाचा कारभार पाहतात. त्यांच्या टेबलावर एकीकडे नमुन्यांच्या नोंदवह्या आणि दुसरीकडे निरनिराळ्या पोर्टलांवर भरायची माहिती असते, आणि त्यात वरून रोज नवा फोन. त्यांना आणखी एक तक्ता भरायला लावणे मला आवडत नाही. पण जो तक्ता मी मागतो आहे तो त्यांच्याच नोंदवह्यांत तयार आहे. सामान्य रोकडवही आणि अंदाजपत्रक यांतून तो एका बैठकीत उतरवता येतो, आणि गावातील हिशेब जाणणारे निवृत्त लोक त्यासाठी विनामूल्य बसायला तयार आहेत, हे आम्ही लेखी कळवले आहे.

आमची मागणी अशी की 1 मेच्या ग्रामसभेच्या सूचनेसोबतच, सात दिवस आधी, वार्षिक जमाखर्चाचे एक पान शाळा, अंगणवाडी, रेशन दुकान आणि लेआऊटच्या प्रवेशाजवळ लावावे. त्यात स्वतःचे उत्पन्न आणि अनुदाने वेगवेगळी दाखवावीत. आराखड्यातील प्रत्येक नव्या कामापुढे ते चालवण्याचा अंदाजे वार्षिक खर्च आणि त्याची तरतूद लिहावी, आणि तो रकाना रिकामा असेल तर ग्रामसभेने त्या कामाचा ठराव पुढे ढकलावा. जमाखर्चाचा विषय विषयपत्रिकेत इतिवृत्तानंतर लगेच घ्यावा, ऊन चढल्यावर नको. लेखापरीक्षणाचे आक्षेप आणि त्यांची उत्तरे पूर्ण वाचून दाखवावीत. तालुक्याच्या गटविकास अधिकाऱ्यांनी हीच पद्धत इतर ग्रामपंचायतींनाही सुचवली, तर प्रत्येक गावात कोणाला तरी उभे राहून ती मागत बसावे लागणार नाही.

या मागण्यांचा अर्ज गावठाण आणि लेआऊट अशा दोन्ही भागांतील रहिवाशांच्या सह्यांनिशी आम्ही ग्रामपंचायत कार्यालयात दिला असून त्याच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतला आहे. सरपंच ताईंनी अर्ज मासिक सभेपुढे ठेवण्याचे मान्य केले आहे. पाणीपट्टीची जमा आणि पाण्यावरील खर्च हे दोन आकडे तरी त्या सभेनंतर मिळावेत, अशी आमची अपेक्षा आहे. पंचायतीचे जे उत्तर येईल ते जसेच्या तसे आपल्याकडे प्रसिद्धीसाठी पाठवीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त रहिवासी,
तालुका नागपूर ग्रामीण, जिल्हा नागपूर